निकाल ठाऊक, तरी उत्कंठा!

मंडळी, गिरगावातल्या चाळीत मे महिन्याच्या सुट्टीत वाचनालयातून आणलेली कादंबरी कुणा एकाची नसायची. दुपारी मुलं, संध्याकाळी आजोबा आणि मागचं आवरून झाल्यावर आई, अशा पाळ्या लागत. नाथमाधवांची ‘स्वराज्य’माला आम्ही अशीच वाचली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ संपला की ‘स्वराज्याची स्थापना’ हवीच. आणि नेमका तोच भाग दुसऱ्या कुणीतरी नेलेला असायचा!

आता गंमत बघा. महाराजांनी स्वराज्य उभं केलं, हे आपल्याला चौथीच्या पुस्तकापासून ठाऊक. मग उत्कंठा कसली? तर असा लेखक इतिहासाचा निकाल बदलत नाही. त्या निकालाच्या वाटेवर तो आपली कल्पित माणसं सोडतो. वेषांतर केलेला हेर, भलत्याच्या हाती पडलेला खलिता, शत्रूच्या गोटात अडकलेली नायिका. स्वराज्य टिकणार हे नक्की. पण हा जासूद पहाटेपर्यंत टिकेल का आणि ती त्याला भेटेल का, हे इतिहासाच्या पुस्तकात नसतं.

आणि हेरच का? कारण मागे पुरावा ठेवायचा नाही, हेच त्याचं काम. १६९७च्या सुमारास लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत बहिर्जी जाधव सुरतेची खबर देतो. जुन्या साधनांत त्याच्याविषयी याहून फारसं हाती लागत नाही. ही मोकळी जागा कादंबरीकाराची. म्हणून एक पथ्य पाळावं. हेराच्या करामती मनमुराद वाचाव्यात, पण मुलांना सांगताना ‘ही कादंबरीतली गोष्ट’ एवढं जरूर म्हणावं. नाहीतर खरा बहिर्जी कल्पिताखाली झाकला जातो.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८). तरुणपणी शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून ते कोसळले आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यानंतर अंथरुणावर वाचन वाढलं, लेखणी हाती आली. ज्या सह्याद्रीनं त्यांचं चालणं हिरावलं, त्याच सह्याद्रीत त्यांनी पुढे वाचकांना हिंडवलं.

तेव्हा दादर-परळकडच्या एखाद्या जुन्या वाचनालयात जरूर डोकवा. फक्त पहिला भाग घेताना दुसरा कपाटात आहे ना, तेवढं आधी बघून घ्या!