कात्रीसाठी लावलेली फुलं

दसऱ्याला दारावर बांधलेलं झेंडूचं तोरण दिवाळीपर्यंत कडक वाळतं. ते निर्माल्यात न टाकता कुंडीत चुरगळलं की काही दिवसांत हिरवी रोपं डोकावतात. बियांपासून फुलं वाढवण्याचं आपलं पहिलं शिक्षण बहुधा असंच होतं, आणि ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. झेंडूचा गोंडा म्हणजे एक फूल नव्हे, तो शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो. टोकाला गवती शेपटी असलेली जी काळी सुई आपण बी म्हणून पेरतो, ती त्यातल्या एका फुलाचं फळ. मात्र बाजारातला टपोरा गोंडा पुष्कळदा संकरित वाणाचा असतो. त्याची संतती आईसारखी निघेलच असं नाही. काही रोपांना पाकळ्यांच्या एका फेराची साधी फुलंही येतात. मला ती आवडतात.

आपल्याकडे फूल खुडतात ते परडीसाठी, देठाविना. फुलदाणीसाठी मात्र हातभर दांडी लागते, आणि तिथे जीव कचरतो. माझाही कचरायचा. झाडावरच शोभतंय, राहू दे, असं म्हणत मी दोन हंगाम घालवले आणि दोन्ही वेळा झिनिया महिन्याभरात थकली. कारण साधं होतं. एका हंगामात आयुष्य संपवणाऱ्या झाडाला बी धरायचं असतं. बी भरलं की नवीन कळ्यांची घाई उरत नाही. फूल बी धरण्याआधी कापलं, तर झाड पुन्हा कळ्या काढतं. आठवड्यातून दोनदा कापणी केली की हीच झिनिया दोन महिने फुलते. कापताना हात आखडू नये. पानांच्या जोडीच्या अगदी वर, खोलवर काप घ्यावा. त्या जोडीच्या बेचक्यातून दोन नवे फुटवे निघतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडतात, तेही याचसाठी. माझ्या लेखी कात्री हे खताइतकंच मोलाचं साधन आहे.

कात्रीसाठी लावायच्या फुलांत झेंडू, झिनिया, कॉसमॉस ही तिन्ही मूळची मेक्सिकोकडची. तिथेही उन्हाळ्यात पाऊस पडतो आणि तो सरताना रानं फुलतात. 1 आणि 2 नोव्हेंबरला तिथली माणसं आपल्या मृतांच्या स्मरणासाठी घरं आणि थडगी झेंडूनं सजवतात. म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागेच. ही झाडं आपल्या पावसाळ्याला का सरावली, ते यावरून समजतं. ऑगस्टच्या मध्यावर पेरलेली झिनिया साधारण 60 दिवसांत कापणीला येते. झेंडूचा शेंडा खुडायचा असेल तर जुलैअखेर पेरावा.

ॲस्टरची गोष्ट वेगळी. हे फूल मूळचं चीनचं, पण पुण्याच्या बाजारात ते इतकं घरचं झालंय की कुणी त्याला परकं म्हणणार नाही. पुण्याच्या गणेशखिंड इथल्या संशोधन केंद्रातून आलेल्या ‘फुले गणेश व्हाइट’, ‘फुले गणेश पिंक’, ‘फुले गणेश पर्पल’ या वाणांच्या नावांतच त्यांचं गाव आहे. कापल्यावर ॲस्टर आठवडाभर सहज टिकतं. दिवाळीला हवं असेल तर जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला पेरावं लागतं. एका वर्षी मी दोन ट्रे पेरले, रोज झारीनं पाणी घातलं, आणि तीन आठवड्यांत जेमतेम चार रोपं आली. पाकीट उलटून पाहिलं तर बी दोन वर्षांपूर्वीचं. ॲस्टरचं बी वर्षभरातच दम सोडतं. तेव्हापासून पैसे देण्याआधी मी तारीख वाचते.

पेरणीसाठी कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं निम्मं घ्यावं. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल जावं, अधिक नाही. मिश्रण मुठीत दाबल्यावर बोटं ओली व्हावीत, पण पाणी ठिबकू नये. जास्त ओलीनं रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. वारा खेळता ठेवणं आणि सकाळीच पाणी देणं, एवढ्यानं हा रोग बराचसा टळतो. झिनियाला मुळं हलवलेली खपत नाहीत, तिला जागेवरच पेरावं. दाट लावली तर पानांवर भुरी येते, म्हणून दोन रोपांत वीतभर अंतर हवं.

दिवाळी अंक हाती येतो ते दिवस हिवाळी फुलं पेरण्याचे. पुणे, नाशिक, साताऱ्याकडे रात्री गार होऊ लागल्या की लार्कस्पर, स्टॅटिस आणि रोपवाटिकेत ‘डॉग फ्लॉवर’ नावानं मिळणारं स्नॅपड्रॅगन पेरता येतं. स्नॅपड्रॅगनचं बी धुळीसारखं असतं, एका ग्रॅममध्ये हजारो. ते मातीनं झाकू नये. त्याला रुजायला उजेड लागतो. लार्कस्परला उलट अंधार हवा. कोकणात आणि मुंबईत या गारव्याच्या फुलांच्या मागे लागण्यापेक्षा झिनिया, सूर्यफूल, कोंबडा आणि बटण फूल लावावं. एकेरी दांडीचं सूर्यफूल एका बीला एकच फूल देतं, म्हणून दर दहा दिवसांनी थोडं थोडं पेरत राहावं.

कापणी भल्या सकाळी करावी, दांड्यांत रात्रीचं पाणी भरलेलं असताना. बादली सोबत न्यावी. झिनिया तयार झाली का, हे ओळखायला फुलाखाली वीतभर अंतरावर दांडी धरून हलवावी. मान लवली तर फूल कच्चं आहे. ते पुढे उमलत नाही, लवकर मान टाकतं. दांडी ताठ राहिली तर कापावं. कॉसमॉस मात्र पाकळ्या उघडायला लागतानाच घ्यावं. फुलदाणीच्या पाण्यात एकही पान बुडू देऊ नये. कुजणाऱ्या पानांमुळे जिवाणू वाढतात आणि दांडीच्या नळ्या बुजतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. रोज पाणी बदललं आणि दांडीचं टोक बोटभर छाटलं, तर झिनियाचा रंग आठवडाभर राहतो.

हंगामाच्या शेवटी प्रत्येक वाणाचं सगळ्यात जोमदार झाड निवडून मी त्यावर दोरा बांधते आणि त्याची फुलं कापायची थांबवते. बोंडं झाडावरच तपकिरी होऊ द्यायची, मग आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरायची. पाकिटावर नाव आणि महिना लिहायचा. पुढच्या पावसाआधी त्यातल्या 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. 8 रुजल्या तर नेहमीसारखं पेरायचं, 5 रुजल्या तर दुप्पट दाट.