पडद्यांमधली वाट

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशात ज्या घरी कानबाई बसते त्या घरी त्या रात्री झोपेला रजा असते. रोटांचा नैवेद्य होतो, गल्लीतल्या बायका देवीपुढे दाटीवाटीने बसतात, आणि एकीने उचललेली अहिराणी ओळ दुसरीने झेलावी, तिसरीने तिला मुरड घालावी, असा तो स्वरांचा व्यवहार सोमवारी सकाळी विसर्जनाची वेळ होईपर्यंत चालतो. सरकारी दप्तरात उभी हयात घालवून सेवानिवृत्त झाल्यावर गिटार शिकण्याची हौस जडलेल्या मला, काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री, सोनगीरमधल्या शेजारघरी, त्या गाण्यामागे हळूच तारा छेडण्याची दुर्बुद्धी झाली. दोन गाणी सोसल्यावर शेजारच्या मावशी म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुमचं यंत्र जिना उतरतं. आमचं गाणं उतारावरून येतं.’’

संगीतशास्त्राचा एक मोठा सिद्धान्त मावशींनी दोन वाक्यांत निकालात काढला होता. गिटारीच्या मानेवर धातूचे पडदे पक्के ठोकलेले असतात आणि बोटाने तार दाबली की ती पडद्यावर टेकून एकच नेमका स्वर देते. दोन पडद्यांच्या मध्ये जो स्वरांचा अखंड प्रदेश आहे तेथे बोटाला सहसा प्रवेश नाही. शिवाय हे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असल्यामुळे, सप्तकाचे 1200 सूक्ष्म अंश कल्पिले, तर गिटारीवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 अंशांनी चढा लागतो. ही तफावत कागदावर क्षुल्लक दिसते; पण ज्या बाईच्या कानात आईपासून आलेला गंधार मुरलेला असतो, तिला ती खड्यासारखी टोचते.

यावरचा उपाय मला माझ्याच गावात सापडला. धुळ्याहून शिरपूरच्या दिशेने आग्रा रस्त्यावर, किल्ल्याच्या डोंगराशेजारी वसलेले सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले आहे. पत्र्याला गोलाई देत, प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटवत मठारकाम करणाऱ्या तांबटाच्या कामात तालाचा हिशेब असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. त्याच्याकडे जाऊन मी करंगळीत बसेल अशी पितळी नळी मागितली. त्याने एका जाड नळीचा तुकडा कापला, कडा घासून गोल केल्या, आणि गिऱ्हाइकाने घागर वाजवून घ्यावी तसा तो तुकडा नखाने वाजवून, कानाशी धरून, मगच माझ्या हाती दिला. ही नळी करंगळीत घालून तारेवर अलगद टेकवली आणि सरकवली की पडदे निकामी होतात. स्वर एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला उडी न मारता सारी वाट चालून जातो. आपण ज्याला मींड म्हणतो ती हीच. पितळ जड असल्याने काचेच्या नळीपेक्षा स्वर अधिक काळ टिकतो. मात्र तार पडद्यावर दाबायची नाही, नळी बरोबर पडद्याच्या माथ्यावर आणायची, आणि नळीमागची तार दुसऱ्या बोटाने शांत ठेवायची, हे तीन नियम अंगवळणी पडेपर्यंत घरच्यांच्या सहनशीलतेची कसोटी लागते.

या वादनासाठी तारांची जुळणीही बदलावी लागते. एक लोकप्रिय जुळणी आपल्या भाषेत सांगायची, तर जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सा प सा ग प सा अशी आहे. तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या कानाला ती परकी वाटत नाही. तिच्यात षड्ज-पंचमाचे अंथरूण आधीच घातलेले असते, रागाने त्यावर येऊन बसायचे तेवढे उरते.

या सरकत्या स्वराचा उगम शोधू गेले की माणूस जगभर फिरून पुन्हा आपल्या अंगणात येतो. हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने 1889 च्या सुमारास लोखंडाचा तुकडा गिटारीच्या तारांवर सरकवून पाहिला आणि तेथून हवाईयन गिटार जन्मली, असे मानतात. अमेरिकेत मिसिसिपीच्या टटवायलर स्थानकावर, 1903 च्या सुमारास, गाडीची वाट पाहत असलेल्या डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने एका फाटक्या कपड्यांतल्या कृष्णवर्णीय माणसाला तारांवर सुरी दाबून वाजवताना ऐकले. ब्लूज या संगीताच्या इतिहासातला तो सर्वपरिचित प्रसंग. तिकडची गरीब मुले केरसुणीला गुंडाळलेली तार भिंतीवर ठोकून तीवर बाटली सरकवत. त्या एकतारी खेळाला डिडली बो म्हणत, आणि आपल्या तुणतुण्याशी त्याचे नाते कोणालाही सहज ओळखू यावे.

मिसिसिपीचा तो प्रदेश कापसाचा, आणि आपलाही. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा खानदेशच्या कापसाला न भूतो असा भाव चढला आणि युद्ध संपताच तो कोसळला. दोन्हीकडे कापूस वेचणाऱ्या हातांची एकमेकांशी ओळख नव्हती. पण एकाच बाजाराच्या ताजव्यात ते तोलले जात होते. तिकडच्या त्या हातांनी एका पोलादी तारेकडून माणसाच्या कंठाचे आर्जव काढून घेतले, ही गोष्ट कपाशीच्या रानात वाढलेल्या माणसाला परकी कशी वाटावी?

आणि अंगण म्हणाल तर ते देवगिरीचे. यादवराजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला, त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. या वीणेला एकच तार, पडदा एकही नाही, आणि डाव्या हातात बांबूचा तुकडा धरून तो तारेवर सरकवायचा. पुढच्या काळातही काचेच्या गोळ्याने वाजणारी विचित्र वीणा आणि दक्षिणेतले गोट्टुवाद्यम यांनी ही परंपरा राखली. म्हणूनच 1940 च्या दशकात हवाईचे ताऊ मो कलकत्त्यात येऊन राहिले आणि हवाईयन गिटार लोकांच्या कानी पडली, तेव्हा आपल्या वादकांना तिच्यात जुना आप्त भेटला असावा. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनी तीवर रागसंगीत मांडले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका 1967 ची. जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि अमेरिकन वादक राय कूडर यांच्याबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’साठी 1994 मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

तांबटांच्या गावाला अभिमान वाटावा अशीही एक हकीकत आहे. विजेचा ध्वनिवर्धक नव्हता तेव्हा वाद्यवृंदाच्या गजरात गिटार ऐकू येत नसे. यावर लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपेरा या स्लोव्हाक कारागिराने 1927 च्या सुमारास धातूच्या अंगाची गिटार काढली, जिच्या पोटात ॲल्युमिनियमचे तीन पातळ शंकू आवाज वाढवीत. अंग होते जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे ज्यात चांदीचा लवलेशही नसून तांबे, जस्त आणि निकेल असते त्या मिश्रधातूचे. आपल्या आजीच्या मांडणीवर ज्या धातूची तबके असत, त्याच धातूतून टॅम्पा रेडसारख्या वादकांचा ब्लूज घुमत होता, हे मी आमच्या तांबटाला सांगितले तेव्हा त्याने पत्र्याची जाडी काय होती एवढेच विचारले.

ध्वनिमुद्रिकांचा मी ऋणी आहे. त्यांच्यावाचून मिसिसिपी मला नकाशापुरतीच माहीत राहिली असती. परंतु ध्वनिमुद्रिका ही साच्यातल्या भांड्यासारखी असते, दर वेळी तीच. समोर बसून ऐकलेले गाणे मठारलेले असते. गाणाऱ्या बाईला ठसका लागला तर शेजारीण ओळ उचलते, बाहेर पाऊस वाढला की आवाज चढतो, लेकरू रडले की कडवे लांबते, आणि यातला प्रत्येक ठोका पत्र्यावर दिसत राहतो.

पुढच्या वर्षी कानबाईच्या रात्री मी पुन्हा गेलो. या खेपेस मागे, उंबऱ्याजवळ बसलो, जुळणी बदललेली, पितळी नळी करंगळीत. मावशींचा गंधार जेथे लागला तेथपर्यंत नळी नेली, त्या खाली आल्या तसतशी खाली आणली, आणि जेथे वाट कळेना तेथे गप्प राहिलो. कोणी कौतुक केले नाही, कोणी वळूनही पाहिले नाही. पहाटेच्या सुमारास बोटे दुखू लागली म्हणून नळी काढून खिशात ठेवली, तेव्हा मावशींनी गाणे न थांबवता मान वळवली आणि ओळ संपताच म्हणाल्या, ‘‘का हो भाऊ, थांबलात का?’’