खुर्चीतून उतरल्यानंतरचे दिवस

सोलापूर हे दातांची परीक्षा घेणारं गाव आहे. कडक भाकरी, तिच्याबरोबर कुटलेली शेंगाचटणी, आणि दिवाळी आली की त्यात चकली-कडबोळ्यांची भर. म्हणून भवानी पेठेत कुणी ‘दाढेचं काम करून आलो’ म्हणालं की पहिली चौकशी होते ती आता खाणार काय याची. काम होऊन चार दिवस झाले तरी दुखतंय ते का, आणि हे दुखणं रीतीचं आहे की काही बिघडलंय, हे मात्र कुणी विचारत नाही. घाबरणारा माणूस तो प्रश्न रात्री दीड वाजता स्वतःलाच विचारत बसतो.

घाबरणारा म्हणजे भित्रा नव्हे. कोजागरीला इथून तुळजापूरपर्यंतचे सुमारे ४५ किलोमीटर चालत जाणारी, पायाला फोड आले तरी न थांबणारी माणसंही दाताच्या खुर्चीत बसली की त्यांचे तळवे घामेजतात. यंत्रमागांच्या खडखडाटात उभा जन्म काढलेल्याला दात कोरणाऱ्या एअरोटरची बारीक शीळ सोसवत नाही. ही भीती इतकी सर्वत्र आढळते की ती मोजायची मापंही तयार झाली. नॉर्मन कोराह यांनी १९६९ मध्ये एक प्रश्नावली केली. पुढे १९९५ मध्ये जेराल्ड हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी ती सुधारली. प्रश्न पाचच: उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, बाहेर बसून वाट पाहताय, दात कोरला जाणार आहे, दात साफ होणार आहेत, हिरडीत इंजेक्शन मिळणार आहे, किती भीती वाटते? गुण ५ ते २५, आणि ते १९ किंवा त्याहून जास्त आले तर भीती तीव्र. गंमत अशी की पाचही प्रश्न खुर्चीपाशी संपतात. घरी परतल्यानंतरच्या आठवड्याबद्दल त्यांत एक अक्षर नाही. माझ्या मते घाबरणाऱ्याचा खरा कस तिथेच लागतो, कारण खुर्चीत निदान डॉक्टर समोर असतात.

त्या आठवड्यात काय होतं, याचा एक धागा इंग्लंडमधल्या गेरी केंट यांच्या १९८५ च्या अभ्यासात सापडतो. त्यांनी रुग्णांना उपचाराआधी विचारलं, किती दुखेल असं वाटतं. लगेच नंतर विचारलं, किती दुखलं. आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा किती दुखलं होतं. फार घाबरणाऱ्यांच्या आठवणीतली वेदना प्रत्यक्ष सोसलेल्या वेदनेपेक्षा आधी कल्पिलेल्या वेदनेच्या जवळ गेलेली होती. म्हणजे भीती पुढच्या खेपेची तयारी मागचं दुखणं वाढवून करून ठेवते.

पण म्हणून ‘सगळं मनाचं आहे’ म्हणणं हा अन्याय आहे. दुखणं खरंच असतं, आणि भीती त्याला शरीरातूनच खतपाणी घालते. ताणात असलेला माणूस नकळत दातांवर दात दाबून धरतो, झोपेत जास्तच. आधीच सुजलेल्या दाढेवर रात्रभर दाब पडला तर सकाळी जबडा आणि कानशील ठणकणारच. जेवताना, गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायचेच नसतात. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल, एवढं दिवसातून अधूनमधून तपासलं तरी फरक पडतो. दुसरी खोड जिभेची. ती दर दोन मिनिटांनी त्या जागी जाऊन चाचपून येते. मग आरसा येतो, मोबाइलचा टॉर्च येतो, आणि जखमेवर धरलेला पांढरट थर म्हणजे पू, असा निकाल घरीच लागतो. तो थर बहुधा भरत्या जखमेचा असतो.

म्हणून कोणत्या दिवशी काय अपेक्षित आहे, हे माहीत असणं निम्मं औषध आहे. दात काढल्यावर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि हाडाला झाकते. पहिले चोवीस तास खळखळून चूळ नको, जोरात थुंकणं नको, स्ट्रॉने ओढणं नको, ते सगळं त्या गुठळीसाठी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरावी. सूज आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि मग उतरतं. उतरत असलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटून कानापर्यंत जाऊ लागलं, तोंडाला दुर्गंधी आली, तर गुठळी सुटून हाड उघडं पडलं असण्याचा संभव असतो. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या दाढांत हे जास्त आढळतं, आणि तंबाखू-विडी ओढणाऱ्यांत आणखी. आपल्याकडे विडी वळणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या बायकांची संख्या पाहता हे स्पष्टच सांगायला हवं: दात काढल्यावर निदान काही दिवस मिश्री बंद. दुखतंय म्हणून तीच हिरडीवर घासणं हा इथला जुना घरगुती उपाय आहे, आणि तो दुखणं लांबवतो. ॲस्पिरिनची गोळी हिरडीत दाबून ठेवणं तर त्याहून वाईट. तिथली कातडी भाजते.

रूट कॅनॉलनंतर लोक जास्त चक्रावतात. नस काढली, मग दुखतंय काय? दाताच्या आतली नस गेली तरी मुळाभोवतीचं अस्तर जिवंत असतं, आणि चावल्याची जाणीव तेच देतं. कामाने ते सुजलेलं असतं. म्हणून चावताना आठवडाभर, कधी थोडं जास्त, दुखणं रीतीला धरून आहे. फिलिंगनंतर थंड पाण्याची कळ काही दिवस, कधी काही आठवडे येते. पाणी गिळलं की कळ जावी. ती मिनिटभर रेंगाळत असेल किंवा रात्री आपसूक उठत असेल, तर दाखवायला जावं. इंजेक्शनमुळे जबडा चार-आठ दिवस आखडू शकतो. इंजेक्शनच्या वेळी छातीत धडधडतं, ते पुष्कळदा भुलीच्या औषधातल्या ॲड्रेनलिनमुळे. काही मिनिटांत ओसरतं. ओठ मात्र दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर डॉक्टरांना कळवावं.

घाबरणाऱ्याने एका वहीत सकाळ-संध्याकाळ शून्य ते दहापैकी एक आकडा लिहावा आणि वही मिटावी. आकडा किती याला महत्त्व नाही, उतार आहे की चढ हे बघायचं. रात्री दीडच्या मनाला आज कालपेक्षा बरं आहे हे पटत नाही, वहीतलं पटतं.

धीर देणं ही नुसती बोलण्याची गोष्ट नाही, याचा सुंदर पुरावाही अक्कलदाढेनेच दिला आहे. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्यांना औषध नसलेलं औषध दिलं. काहींचं दुखणं कमी झालं. मग शरीरातल्या अफूसदृश द्रव्यांना अडवणारं नॅलोक्सोन दिल्यावर त्यांचं दुखणं परत वाढलं. म्हणजे विश्वासाने आलेला आराम शरीराने आपल्या हाताने बनवलेला होता. डॉक्टरांचं ‘तीन दिवस दुखेल, मग उतरेल’ हे वाक्य म्हणूनच मोलाचं. ते खुर्चीत, तोंड बधिर असताना पुटपुटून उपयोग नाही. कागदावर द्यावं, आणि आपल्या पेठांत तेलुगू, कन्नड बोलणारी घरं आहेत, त्यांच्या भाषेतही द्यावं.

सगळंच आठवडाभरात मिटतं असंही नाही. रूट कॅनॉलनंतर सहा महिन्यांनीही दुखणारे शंभरात साधारण पाच असतात, असं २०१० मध्ये निक्सडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. त्यातल्या काहींचं दुखणं दाताचं नसून मज्जातंतूंचं किंवा जबड्याच्या स्नायूंचं असतं. अशा वेळी तोच दात पुन्हा कोरून, शेवटी उपटून, मग शेजारच्याकडे वळणं ही चुकीची वाट आहे. कारण नीट शोधायला सांगावं. दुसरं मत हवं तर केगावला दंत महाविद्यालय आहे.

ताप, वाढत जाणारी सूज, तोंड न उघडणं, गिळताना वा श्वास घेताना अडचण, दाबून धरूनही न थांबणारं रक्त यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. केमिस्टकडून मागच्या वेळचीच अँटिबायोटिक आणू नये. वेदनाशामकही पित्त, दमा, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर विचारूनच घ्यावं.

बाकी वेळी फोन करायला संकोच नको. कोणता दात, काम कधी झालं, थंडाने दुखतं की चावल्यावर की आपसूक, दुखणं चढतंय की उतरतंय, कोणत्या गोळ्या घेतल्या, एवढं सांगितलं की डॉक्टरांना बरंच कळतं. पुष्कळदा कारण साधंच निघतं: भुलीमुळे चावल्याचं नीट कळलं नाही आणि फिलिंग केसभर उंच राहिलं. रंगीत कागद चावायला देतात, डाग पडतो, तेवढाच भाग घासतात. त्याला इंजेक्शन बहुधा लागत नाही.