गिटारची घोडी आणि लाकडाचे वजन

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी घेतलेली गिटार असते. एखाद्या उन्हाळ्यात तिची घोडी चिरते आणि आपण ती गावच्या सुताराकडे नेतो. सुतार विचारतो, "गुरुजी, कुठलं लाकूड लावू?" आपण पटकन सांगतो, "एखादं भारीपैकी लाव." इथेच थोडे थांबायला हवे. 'भारी' या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. किमतीने भारी आणि वजनाने भारी. वाद्याच्या कामात या दोहोंची गल्लत झाली, तर चांगल्या गिटारचा आवाज बसतो.

घोडीचे काम काय, ते आधी पाहू. सतारीची घोडी तबलीवर टेकलेली असते. तारा तिच्यावरून जाऊन खाली बुडाशी अडकवलेल्या असतात. नेहमीच्या गिटारचे तसे नाही. तिथे तारा घोडीतच संपतात आणि घोडी पुढच्या पातळ फळीला चिकटवलेली असते. सहा पोलादी तारा सुरात लावल्या, की त्यांची एकूण ओढ सुमारे सत्तर किलो होते. एक मोठा माणूस त्या वीतभर लाकडाला लोंबकळतो आहे असे समजा ना! म्हणून घोडीचे लाकूड चिवट हवे. मऊ लाकूड तारांच्या भोकांच्या ओळीत चिरते.

दुसरे काम त्याहून नाजूक. तार स्वतः फारच थोडी हवा हलवते. आवाज होतो तो पुढच्या फळीमुळे आणि फळीला हलवते ती घोडी. स्पेनमधील कारागीर आन्तोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली पाठ आणि कडा पुठ्ठ्याच्या लगद्याच्या करून एक गिटार बनवली. पुढची फळी मात्र लाकडाचीच ठेवली. आवाजाचे मर्म फळीत आहे, हेच त्यांना दाखवायचे होते.

आता रिकामी बैलगाडी आणि भरलेली बैलगाडी आठवा. रिकामी झटकन हलते, भरलेली हलवायला जोर लागतो. घोडीचेही तसेच. हलकी घोडी तारेचा जोर लगेच फळीला देते. आवाज मोठा निघतो, पण लवकर विरतो. जड घोडी सावकाश देते. आवाज लहान, पण सूर जास्त वेळ टिकतो. फार जड झाली, तर फळी दबते आणि गिटार मुकी वाटते.

हा फरक किती, ते मांडून पाहू. तयार घोडीचे आकारमान ३३ घन सेंटीमीटर धरा. अक्रोडाची घोडी सुमारे २० ग्रॅम भरेल, शिसवाची २७ आणि आबनुसाची ३३. तेरा ग्रॅमचा फरक, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर! एवढ्याने काय होते, असे म्हणाल. पण पुढच्या फळीचेच वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास असते, हे ध्यानात घ्या.

तेव्हा नावावर जाऊ नका, तुकडा तोला. शिसव शिसवातही फरक असतो. समजा, तुकडा १८ सेंटीमीटर लांब, ४ रुंद आणि १ जाड आहे. गुणाकार ७२. सराफाच्या काट्यावर तो ६० ग्रॅम भरला. साठाला बहात्तरांनी भागा, ०.८३ आले. पोलादी तारांच्या गिटारला हे लाकूड छान. नायलॉनच्या तारांची ओढ जवळजवळ निम्मी असते. तिथे घोडी आणखी हलकी, वीस ग्रॅमच्या आसपास असली तर बरी. तुकडा ओला नाही ना, तेही पाहा. दर आठवड्याला तोला. वजन उतरायचे थांबले, की वाळला समजावे. आणि जुनी घोडी फेकू नका. गिटार पूर्वी गोड वाजत असेल, तर तिचे वजन हेच तुमचे माप.

शिक्षकांनी हा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा. सागाचा, शिसवाचा, बाभळीचा तुकडा मुलांना मोजू द्या, तोलू द्या, पाण्यात सोडू द्या. घनतेचा धडा पाठ करावा लागणार नाही.

शेवटी एक गोष्ट. ब्राझीलचे शिसव तुटत चालले, तेव्हा अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९६९ च्या सुमारास आपल्याकडील शिसव वापरायला घेतले. १९९२ पासून ब्राझीलच्या त्या शिसवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. सह्याद्रीतले आपले शिसवही सावकाश वाढणारे झाड आहे. घोडीसाठी नवे झाड कशाला? मोडक्या शिसवी पलंगाचा पाय घरात पडलेला असेल. तो काढा, तासा आणि आधी काट्यावर ठेवा.