थेंबभर सुगंध, चमचाभर करडई

चैत्रात पाटोदा तालुक्यातल्या माझ्या माहेरी गेले की स्वागत होते ते तापलेल्या मातीच्या वासाने. गेल्या वर्षी मात्र अंगणात पाऊल टाकले आणि गुलाबासारखा दरवळ आला. भावाने अर्ध्या एकरात जिरेनियम लावले होते आणि त्या दिवशी कापणी चालू होती. हे झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. त्याचा सुगंध फुलात नसतो, पानात असतो. पाला टाकीत भरून खालून वाफ सोडायची. ती थंड केली की पाण्यावर तेलाचा पातळ तवंग येतो. टनभर पाल्यातून निघते जेमतेम लिटरभर तेल! साबण, अत्तरे, क्रीम यांच्या कारखान्यांना ते हवे असते.

भावाने एक छोटी बाटली माझ्या हातात ठेवली. आणि तिथेच माझे शहाणपण आडवे आले.

शेजारची मावशी नुकतीच ऊसतोडीहून परतली होती. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसे बिऱ्हाड घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. सहा महिने उसाची पाती आणि पाचट हाताळून मावशीचे तळवे चिरले होते. ‘झाडाचेच तर तेल, अपाय कसला होणार?’ असे म्हणत मी बाटलीतले तेल तसेच तिच्या भेगांवर चोळले. सकाळी ती हात पुढे करून उभी. लाल झालेले, बारीक फोड आलेले.

‘‘पोरी, वास लई गोड हाय, पर हात पेटल्यावानी झालेत.’’

आठ दिवस तिची खुरपणी बुडाली. मजुरी मी दिली. पण तिचे ते हात काही डोळ्यांपुढून हलेनात.

त्वचेच्या डॉक्टरांनी मला शांतपणे समजावले. करडई, तीळ, खोबरे यांचे तेल वेगळे आणि हे सुगंधी तेल वेगळे. कागदावर करडईचा थेंब टाकला तर डाग राहतो. सुगंधी तेल बहुतेक उडून जाते. ते झाडाचा अतिशय तीव्र अर्क असते. त्यातल्या जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल या घटकांची काहींना ॲलर्जी होते आणि कातडी फुटलेली असेल तर दाह अधिकच. युरोपात २००५ पासून हे घटक ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील, तर क्रीमच्या वेष्टनावर त्यांची नावे छापावी लागतात, ती उगीच नव्हे.

तसे हे वेड आपल्याला नवे नाही. आपल्या खानदेशात रोशा गवताचे तेल काढत. त्यातही हेच जिरॅनिऑल. ते मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई. तिकडच्या बाजारात त्याचे नाव पडले ‘तुर्की जिरेनियम’! गवत आपले, नाव दुसऱ्याचे.

मग वापरायचेच नाही का? वापरावे, पण बेताने. चमचाभर करडईच्या किंवा खोबरेल तेलात एक थेंब पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. जखमेवर, डोळ्यांजवळ, तान्ह्या बाळाला लावू नये. पोटात तर मुळीच घेऊ नये. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

मावशीचे हात बरे झाले ते डॉक्टरांच्या मलमाने. पुढे भेगांना रोज रात्री हात धुऊन, ओलसर असतानाच साधे करडईचे तेल. माझी आजी हेच करीत असे. मीच विसरले होते.

या दसऱ्याला मावशी पुन्हा निघाली, तेव्हा तिच्या गाठोड्यात करडईची बाटली आणि हातमोज्यांचे दोन जोड मी ठेवले. तिने हसून विचारले, ‘‘आन् ते वासाचं?’’ मी तिच्या पदराच्या टोकाला एक थेंब लावला. शेतातली खुरपणी तिच्या हातांनी होते आणि सुगंध जातो शहरात. निदान तेवढा थेंब तरी तिच्याबरोबर गेला.