संगणक-जाळ्यातील स्विचची जोडणी

नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहराच्या बेथ इस्रायल डीकोनेस या रुग्णालयाचे संगणक-जाळे कोलमडले. सुमारे चार दिवस रुग्णांच्या नोंदी व तपासण्यांचे अहवाल कागदावर लिहून हातोहात पोहोचवावे लागले. वर्षानुवर्षे वाढत गेलेली स्विचची गुंतागुंतीची जोडणी हे त्याचे मूळ होते. यावरून या विषयाचे महत्त्व ध्यानी येते.

संगणक, प्रिंटर आदी यंत्रे परस्परांशी जोडणारे उपकरण म्हणजे स्विच. कोणत्या पोर्टवर कोणते यंत्र आहे हे संदेशांवरील पत्त्यांवरून जाणून घेऊन तो प्रत्येक संदेश नेमक्या ठिकाणी धाडतो. यंत्रे वाढली की एकास दुसरा स्विच जोडावा लागतो.

साखळी नव्हे, केंद्र

पहिल्यास दुसरा, दुसऱ्यास तिसरा अशी साखळी करणे सोपे असते. परंतु त्यामुळे मधल्या केबलवर सर्वांचा भार पडतो आणि एक स्विच बंद पडताच त्यापुढील विभाग तुटतो. यास्तव एक सक्षम स्विच केंद्रस्थानी ठेवून इतर सर्व थेट त्यास जोडावेत. सामाईक सर्व्हरही तेथेच असावा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर असल्याने त्याहून दूरच्या इमारतींसाठी प्रकाशतंतू वापरावा.

वहनक्षमता

प्रत्येकी १ गिगाबिट वेगाची २४ यंत्रे केंद्राशी एकाच १ गिगाबिट केबलने जोडली आणि सर्वांनी एकाच वेळी माहिती मागितली, तर प्रत्येकाच्या वाट्यास जेमतेम ४२ मेगाबिट येतात. म्हणून ही मुख्य जोडणी १० गिगाबिटची असावी, अथवा दोन्ही टोकांस योग्य नियोजन करून अनेक केबल एकत्रित कराव्यात.

चक्राचा धोका

एक मार्ग तुटल्यास दुसरा हवा, म्हणून जादा केबल जोडली जाते. मात्र त्यामुळे बंद चक्र निर्माण होते. सर्वांना उद्देशून निघालेला संदेश त्यात अविरत फिरत व वाढत राहतो आणि काही क्षणांत जाळे ठप्प होते. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधली. तीत एकच मार्ग चालू राहतो व जादा मार्ग राखीव ठेवला जातो. मूळ पद्धतीत राखीव मार्ग खुला होण्यास ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या सुधारित पद्धतीत हे काम बहुधा काही सेकंदांतच होते.

या पद्धतीस मर्यादाही आहे. मूळ मानकानुसार कोणत्याही दोन यंत्रांमध्ये सातांहून अधिक स्विच नसावेत. बोस्टन येथे हीच मर्यादा ओलांडली गेली होती.

तेव्हा केंद्रीय स्विच हाच ‘स्पॅनिंग ट्री’चे मूळ राहील अशी तजवीज करावी, जोडणीचा नकाशा अद्ययावत ठेवावा आणि नवी केबल त्यात नोंद केल्यावाचून जोडू नये. रुग्णालये, बँका व कार्यालये यांचा दैनंदिन कारभार या दक्षतेवर अवलंबून आहे.