पाहुण्याचा हिशेब, यजमानाची मेमरी

विशीत असताना मी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफे तपासत असे. तिथले वयस्कर मुद्रितशोधक शंका आली की समासात नुसते प्रश्नचिन्ह काढीत आणि गॅली लेखकाकडे पाठवीत. काही लेखक प्रत्येक प्रश्नचिन्हापुढे ‘योग्य आहे’ असे लिहून गॅली परत करीत. काही जण घाबरून शब्दच बदलून टाकीत. शंका नेमकी काय आहे ते समजून घेऊन उत्तर देणारे लेखक थोडे होते. पुढे संगणकाचा नाद लागला. पुस्तके वाचून आणि चुका करून मी प्रोग्रॅमिंग शिकलो. समासातले ते प्रश्नचिन्ह मला तिथेही भेटले. फरक एवढाच, की आता ते माणसाऐवजी यंत्र काढते. यंत्राच्या शंकेला उत्तर कसे द्यावे हा या लेखाचा विषय आहे. तो मला सुचला तो माझ्याच एका चुकीच्या उत्तरातून.

एका जुन्या ग्रंथालयातील मासिकांचे स्कॅन केलेले अंक आणि त्यांची सूची सांभाळायचे काम मी काही वर्षे हौसेने करतो आहे. तिथे एकच मोठा संगणक आहे आणि त्याच्या पोटात चार ‘आभासी यंत्रे’ चालतात. एकावर सूची, दुसऱ्यावर चित्रावरून अक्षरे ओळखण्याचे काम, बाकी दोन किरकोळ कामांसाठी. आभासी यंत्र म्हणजे स्वतःला स्वतंत्र संगणक समजणारा एक प्रोग्रॅम. या शास्त्रात त्याला ‘पाहुणा’ म्हणतात आणि खऱ्या संगणकाला ‘यजमान’. कल्पना नवी नाही. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर ती १९६०च्या दशकातच आली होती. आजच्या लिनक्समधील केव्हीएम ही सोय २००७ साली मूळ गाभ्यात सामील झाली आणि सामान्य माणसाच्या संगणकावरही पाहुणे उतरू लागले.

पाहुण्याला वाटते की आपली मेमरी आपलीच आहे. प्रत्यक्षात ती यजमानाच्या मेमरीतून चार-चार हजार बाइटांच्या तुकड्यांनी दिलेली असते. नेमके सांगायचे तर ४,०९६ बाइटांचा एक तुकडा, ज्याला ‘पान’ म्हणतात. पाहुण्याचे पान क्रमांक दहा यजमानाकडे कुठे ठेवले आहे, याची नोंदवही यजमान बाळगतो. पाहुणे सगळी पाने एकाच वेळी वापरत नाहीत, म्हणून यजमान आपल्याजवळ आहे त्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करून बसतो. लग्नाच्या पंगतीत आठशे आमंत्रणे देऊन सहाशे पानांची तयारी करावी, तसे हे आहे. बहुतेक वेळा निभावते.

निभावत नाही तेव्हा काय करायचे? कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ साली एका निबंधात ‘फुग्या’ची युक्ती मांडली. पाहुण्याच्या आत एक छोटा प्रोग्रॅम ठेवायचा. यजमानाला टंचाई भासली की हा फुगा फुगतो, म्हणजे पाहुण्याकडून पाने मागून घेतो आणि न वापरता यजमानाला परत करतो. टंचाई संपली की फुगा आकसतो. कुठल्या पाहुण्याचा फुगा किती फुगवायचा, हे ठरवणारा सी भाषेतला सुमारे तीनशे ओळींचा प्रोग्रॅम मी लिहिला होता.

तो एका स्वयंचलित परीक्षकाकडून तपासून घेतला. असे परीक्षक प्रोग्रॅम न चालवताच वाचतात. त्यांचा पूर्वज ‘लिंट’, जो बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकात लिहिला. माझ्या तीनशे ओळींवर एकोणीस शेरे आले. बरेचसे किरकोळ होते. एक शेरा असा, की पानांची संख्या आणि ४,०९६ यांचा गुणाकार बत्तीस बिटांतच होतो आणि मगच तो चौसष्ट बिटांच्या जागेत ठेवला जातो, त्यामुळे उत्तर मावणार नाही. मी उत्तर लिहिले : ‘आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला २ गिगाबाइटच आहेत. हे घडणार नाही.’ आणि शेरा बंद केला.

त्या दिवशी ते खरे होते. दीड वर्षाने यजमानाची मेमरी वाढवून १२ गिगाबाइट केली आणि चारही पाहुण्यांना प्रत्येकी ४ गिगाबाइट कबूल केले. आता गणित करून पाहा. ४ गिगाबाइट म्हणजे १०,४८,५७६ पाने. त्याला ४,०९६ने गुणले की ४,२९,४९,६७,२९६ येतात. बत्तीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे बरोबर एकने कमी. जुन्या गाडीचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर शून्यावर यावा, तसे उत्तर शून्य झाले. माझ्या प्रोग्रॅमच्या लेखी चारही पाहुणे कफल्लक ठरले. कफल्लकाकडून काय परत मागणार? एकही फुगा फुगला नाही.

एका रात्री अक्षरे ओळखण्याचे काम जोरात चालू असताना यजमानाची मेमरी संपली. अशा वेळी लिनक्स सगळी व्यवस्था कोसळू नये म्हणून एखादी मोठी प्रक्रिया मारून टाकते. केव्हीएममध्ये अख्खा पाहुणा म्हणजे यजमानाच्या दृष्टीने एकच प्रक्रिया. त्यामुळे बळी गेला तो सूचीचा पाहुणाच. एक निवृत्त शिक्षिका रोज दुपारी येऊन सूचीतल्या लेखकांच्या नावांच्या दुरुस्त्या करीत. शनिवारी एकदम साठवायच्या म्हणून मी त्या आठवडाभर मेमरीतच ठेवत असे, हा माझाच दुसरा गाढवपणा. त्यांच्या चार दुपारी गेल्या.

यावरून ‘यंत्र सांगेल ते मुकाट्याने ऐकावे’ असा निष्कर्ष कुणी काढील. तोही घातक आहे आणि त्याचा दाखला इतिहासात आहे. २००६ साली डेबियन या लिनक्सच्या वितरणात, गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रॅमवर मेमरी तपासणारी साधने तक्रार करीत होती : काहीही न लिहिलेली मेमरी वाचली जाते आहे. सांभाळ करणाऱ्याने मूळ प्रोग्रॅमच्या लोकांना आधी विचारलेही, आणि मग त्या ओळी काढून टाकल्या. ओळ दोन ठिकाणी हुबेहूब सारखी होती. एका ठिकाणी ती खरोखर अनावश्यक होती. दुसऱ्या ठिकाणी तिच्यातूनच सगळा अनिश्चितपणा आत येत होता. तक्रार थांबली. पण किल्ली ठरवणारा बदलता घटक उरला तो फक्त प्रक्रियेचा क्रमांक, त्यामुळे एका प्रकारच्या किल्ल्या सुमारे बत्तीस हजारच निघू शकत होत्या. संगणकाला त्या सगळ्या करून पाहायला फार वेळ लागत नाही. हे जगासमोर आले १३ मे २००८ रोजी. शेरा खोटा नव्हता. त्याला दिलेले उत्तर चुकले.

मग परीक्षक अचूकच का बनवत नाहीत? याचे उत्तर तंत्राच्या मर्यादेपेक्षा खोल आहे. अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखवले, की कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे सर्व बाबतींत सांगणारी एकच रीत असू शकत नाही. १९५३ साली हेन्री राइस यांनी तेच प्रोग्रॅमच्या वर्तनाविषयीच्या प्रत्येक अर्थपूर्ण प्रश्नाला लागू केले. म्हणून परीक्षकाला निवड करावी लागते. संशय येईल तिथे बोलावे, तर खोट्या हाका वाढतात. खात्री असेल तिथेच बोलावे, तर खऱ्या चुका निसटतात. कव्हेरिटी हे प्रसिद्ध साधन तयार करणाऱ्यांनी २०१० साली आपला अनुभव लिहिला : खोट्या शेऱ्यांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या वर गेले की लोक साधनाकडे दुर्लक्ष करू लागतात, आणि मग खरे शेरेही त्या ढिगात बुडतात. माझे तेच झाले होते. एकोणिसांपैकी आधीचे पाच-सहा शेरे निरर्थक निघाल्यावर सातव्याला मी नीट वाचलेच नाही.

या प्रश्नावर आपल्याच शहरात गंभीर काम झाले आहे, हे मला उशिरा कळले. टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ साली पुण्यात सुरू झाले. तिथे प्रोग्रॅम तपासणाऱ्या साधनांची मोठी परंपरा आहे. त्यांचे ‘व्हेरिअॅब्ज’ हे साधन २०२० साली प्रोग्रॅम पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका मुख्य गटात पहिले आले. तिथलेच संशोधक तुकाराम मुस्के यांनी अलेक्झांडर सेरेब्रेनिक यांच्याबरोबर २०१६ साली, शेऱ्यांचा ढीग हाताळण्याच्या जगभरच्या पद्धतींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातला एक विचार मला फार उपयोगी पडला. पुष्कळ शेरे एकाच कारणाची पिल्ले असतात. त्यांना एकत्र बांधले, किंवा शेरा लक्षणाच्या जागेवरून कारणाच्या जागी हलवला, तर वाचणाऱ्याचा भार हलका होतो. माझे एकोणीस शेरे असे बांधून पाहिले तर प्रश्न सहाच उरले. सहा प्रश्न माणूस नीट वाचतो.

आता मी उत्तर देताना तीन गोष्टी पाळतो. शेरा पटला, तर दुरुस्तीबरोबर कारण लिहितो. कारण लिहिता आले नाही, तर मला तो पटलेला नसून मी फक्त नमलो आहे, असे समजतो. शेरा पटला नाही, तर ‘हे घडणार नाही’ असे नुसते म्हणत नाही. ज्या गृहीतावर मी हे म्हणतो ते प्रोग्रॅममध्येच तपासणी म्हणून घालतो. ‘पाने सव्वापाच लाखांहून जास्त असतील तर इथेच थांब’ एवढी एक ओळ मी तेव्हा घातली असती, तर मेमरी वाढवली त्याच दिवशी प्रोग्रॅम ओरडला असता. आणि तिसरी गोष्ट : शेरा बरोबर असूनही त्याने सुचवलेला उपाय चुकीचा असू शकतो, म्हणून दोहोंना वेगवेगळे उत्तर देतो. हल्ली भाषेची प्रारूपे वापरणारे परीक्षक उपायही लिहूनच देतात, तोही अस्खलित भाषेत. त्यामुळे ही तिसरी काळजी जास्त महत्त्वाची झाली आहे.

यंत्राला उत्तर देऊन काय उपयोग, असे काही मित्र विचारतात. यंत्र ते वाचो न वाचो, दीड वर्षाने मेमरी वाढवणारा माणूस ते वाचतो. माझ्या बाबतीत तो माणूस मीच होतो आणि मला वाचायला काहीच ठेवलेले नव्हते.

दुरुस्ती एका शब्दाची होती : गुणाकाराआधीच संख्येला चौसष्ट बिटांची जागा द्यायची. पाच मिनिटांचे काम. बंद केलेला शेरा पुन्हा उघडून त्याखाली मी लिहिले, ‘सूचना बरोबर होती. ४ गिगाबाइटला उत्तर शून्य येते. दुरुस्त केले आहे.’ मग ग्रंथालयात जाऊन बाईंना काय झाले ते सांगितले. त्यांनी जुनी वही काढली आणि म्हणाल्या, “तुम्ही वाचा, मी नावे घालते.” दुरुस्त्या त्यांनी आधी कागदावरच उतरवून ठेवल्या होत्या. ते चार दुपारींचे काम आम्ही दोघांनी दोन दुपारींत पुरे केले. प्रत्येक नाव घातल्यावर मी ते लगेच साठवत होतो.